हिरव्या कपड्यातली वडी

मदीहा तोंडाला माती फासून आरशासमोर बसली होती आणि हसू दाबत होती. हसलं की माती तडकते. उद्या चुलतबहिणीची मेहंदी होती आणि चेहरा चमकायलाच हवा होता.

दादी सरदारबी हातपाय-तोंड धुऊन, वजू करून खोलीत आली. दुपारनंतरची, असरची नमाज व्हायची होती; जानमाज, नमाजाची सतरंजी, अंथरलेली होती.

"दादी, भूत दिसून राह्यले ना मी?"

"भुतं बरी असतात दिसायला. काय फासलंस हे?"

"मुलतानी माती. भोकरदनच्या बाजारात सगळी भेसळ मिळते, आणि तू असली भारी वडी पेटीत लपवून बसलीस. हिरव्या कपड्यात होती. खलबत्त्यात कुटली, गुलाबजल टाकलं. काय मऊ झाली म्हणून सांगू."

सरदारबी पेटीपाशी गेली. हिरवा कपडा तिनं उचलला, झटकला, पुन्हा झटकला. मग दाराकडे जाऊन कडी लावली.

"तुझ्या अम्मीनं पाह्यली?"

"न्हाई. ती भाकरी करून राह्यली."

"तोंड धू. मोरीत न्हाई. ह्या पातेल्यात. थेंब खाली सांडू नको."

मदीहानं तोंड धुतलं. सरदारबी पातेलं दोन्ही हातांनी धरून बसली होती. पाणी गढूळ झालं, तसं तिनं त्यावर ताट झाकलं.

"ती तोंडाला लावायची न्हवती, बेटा. करबलाची माती होती, नबींचा नातू शहीद झाला तिथली. नमाजात सजद्याला वाकून तिच्यावर कपाळ टेकवायचं."

"पण ते तर शिया लोक करतात. आपण सुन्नी ना?"

सरदारबीनं दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज येत होता.

"दादी. तू?"

"हळू बोल."

"दादांना माहीत होतं?"

"न्हाई."

"अब्बूंना?"

"त्यालाबी न्हाई."

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं तू खोटं बोलून राह्यलीस?"

"खोटं न्हाई. तकय्या म्हणतात त्याला. जिवाला धोका असंल तर ईमान काळजात ठेवायचं आणि वरून चार लोकांसारखं वागायचं. तेवढी परवानगी हाय."

"इथं तुला कोण मारणार होतं? दादा? दादा तर कोंबडी कापायलाबी शेजाऱ्याला बोलवायचे."

सरदारबीला हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"माहेरी तवा मोहल्ल्यात शिया-सुन्नी भांडणं झाल्ती. बापानं जल्दीत निकाह लावून दिला. निघताना कानात बोलला, तिथं कोणाला सांगू नको. पहिलं साल भीती होती, बिलकुल खरी. मंग तुझे दादा चांगले निघाले. मंग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, इतके दिवस फसवलं. मंग पोरं झाली. भीती कधी निघून गेली ते कळलंच न्हाई. लपणं तेवढं राह्यलं."

"मंग ते तकय्या कसं?" मदीहा वर्गात सरांना अडवायची, तशीच विचारत होती. "धोका गेला की परवानगीबी गेली ना?"

"हेच मी रोज विचारते."

"कोणाला?"

"ज्याला विचारायचं त्याला. तो काही सांगत न्हाई."

मदीहाचा आवाज खाली आला. "अम्मीला सांगू या? काही होत न्हाई, दादी. आजकाल कोणी—"

"न्हाई." सरदारबीनं तिचं मनगट धरलं. "कबरस्तानात तुझ्या दादांच्या बाजूची जागा तुझ्या अब्बूनं माझ्यासाठी सांगून ठेवली हाय. मला तिथंच जायचंय. उद्या कोणी विचारलं, ही कोण होती, तर? निकाह तरी बराबर होता का, म्हणून विचारलं तर?"

मदीहा आणखी जवळ सरकली.

सरदारबीनं मनगट सोडलं. "जायच्या आधी एकदा आमच्यावानी नमाज पढायची होती. आमच्यात हात खाली सोडून उभं राह्यतात. इथं सगळ्या बाया छातीवर बांधतात, मीबी बांधले. खोलीत एकटी असले तरी बांधले. कोण कधी येईल, सांगता येतं का? माती जानमाजखाली ठेवायची, कपाळ येतं तिथं. वरून कपडा. अक्षरं होती तिच्यावर. कपड्याखाली घासून घासून गेली."

"मंग आज पढ."

"काय?"

"कडी लावलेली हाय. मी हाय. कोणी येत न्हाई." मदीहा उठलीसुद्धा होती. "माती कुठलीबी चालते का?"

"साफ असंल तर चालते."

खोलीच्या मागच्या दाराबाहेर जमिनीला भेगा पडल्या होत्या. मदीहानं तिथून एक चपटं, काळं ढेकूळ निवडलं, ओढणीनं पुसलं आणि आणून जानमाजवर ठेवलं. या वेळी वर. उघडं.

सरदारबीनं ते कपाळाच्या जागी सरकवलं. मग पदर कानामागे नीट खोवून उभी राहिली.

"अल्लाहु अकबर."

हात कानांपर्यंत गेले. खाली येऊ लागले. आणि छातीपाशी थांबले. उजवा हात डाव्यावर बसला.

सरदारबीनं ते पाहिलं. हात सोडवून खाली नेले. पुन्हा सुरुवात केली. ओठ हलायला लागले तसे हात वर आले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. तिसऱ्यांदाही तसंच.

"दादी, सोड ना. मीच हाय फक्त."

"सुटत न्हाईत," सरदारबी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं.

मदीहा पुढे झाली. तिनं ते दोन्ही हात धरले, हळूच खाली आणले, आणि धरून उभी राहिली.

सरदारबी पढू लागली. मदीहाच्या मुठींत ते हात वर जायला ओढत होते.