रबरी पाय

बाबांचं ऑक्सिजनचं मशीन सुरू असलं की भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे दिवसभर थरथरत. आईचं डोकं उठत असेल म्हणून सुट्टीवर आलेल्या लेकाने मशीनखाली रबराचे पाय बसवले. डबे एकदम गप्प.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ते पाय केराच्या डब्यात, आणि आई निवांत भाजी चिरतेय.

"एवढं शांत केलं होतं घर. कशाला काढलेस?" तो वैतागला.

"काल हातातलं टाकून दहादा आत पळाले. मशीन चालतंय ना, यांचा श्वास चालतोय ना, बघायला." थरथरत्या डब्यावर तिने हात ठेवला.

 

"घर गप्प व्हायचं तेव्हा होईल. मला आत्तापासून सवय नाही करून घ्यायची."