टेपवरचं हसू

सदाशिव पेठेतल्या सभागृहात जुन्या विनोदी मालिकांची प्रश्नमंजुषा रंगली होती. “शेजाऱ्यांच्या भांडणांवरच्या गाजलेल्या मालिकेत विनोदानंतर ऐकू येणारं हसू कुणाचं?” “माझं,” स्पर्धकांतल्या विमलाबाई म्हणाल्या. निवेदकानं हातातलं कार्ड पाहिलं. “चूक, आजी. ते परदेशातून टेपवर आणलं होतं.” विमलाबाईंचं डोकं फिरलं. मालिकेच्या श्रेयनामावलीत चहावाल्याचंही नाव होतं, त्यांचं नव्हतं. आता तर हसूही परदेशी ठरलं. “अहो, स्टुडिओत स्टुलावर बसून मी शंभर भाग हसले. अक्कलदाढ काढली त्या दिवशीसुद्धा.” “पुरावा?” “दाढ जपून ठेवलेली नाही.” “मग हसून दाखवा, गुण देतो.” सगळे कान टवकारून बसले. विमलाबाई उठल्या, पिशवी उचलली. “सांगितल्यावर हसायची माझी नोकरी होती. ती सुटली. गुण तुमच्या टेपलाच द्या.” सभागृह खदाखदा हसलं. दारात थांबून त्यांनी नीट ऐकलं. एकालाही धड हसता येत नव्हतं.