मुरमुऱ्यांची ओळ

"सात! सात दुकानं, अन् माल एकच!" केवलरामनं रिकामं माप पोत्यावर आपटलं.

गोंदियाच्या इतवारी बाजारात मुरमुरेवाल्यांची एकच ओळ बसायची. सगळ्यांचे मुरमुरे तितकेच पांढरे, तितकेच कुरकुरीत. कारण सातही घरच्या बायका देवकाबाईच्या एकाच भट्टीवर पाळीपाळीनं भाजायच्या. गिऱ्हाईक यायचं, सातही पोत्यांतला एकेक घास चाखायचं अन् तेवढ्यावरच पुढं सरकायचं.

केवलरामच्या जिवाला चैन नव्हतं. मुर्री गावची शेती सोडून त्यानं हे दुकान टाकलं होतं. थोरला भाऊ उदाराम तेव्हाच बोलला होता, "होळीपर्यंत पाहून घे. नाही जमलं तं गुमान माया हाताखाली नांगर धर."

होळीला तीन बाजार उरले होते.

घरी अनुसया हळूच म्हणाली, "अजी, नागझिऱ्याच्या रानात रेल्वेसाठी लाकूड तोडून राहिले म्हणते. दोनशे मजूर. अन् मुरमुऱ्याचं एकही दुकान नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. पण कोणाले सांगजा नोको."

केवलराम तर उडालाच! जिथं दुसरं कोणी नाही, तिथं गिऱ्हाईक चाखून पळणार कुठं?

अनुसया तीन दिवस भट्टीवरून हललीच नाही. बैलबंडीत पोती चढली, तरी तिचं भाजणं चालूच.

"आता कायले भाजून राहिली वो?"

"घरी खायले नोको का?" ती हसली.

शुक्रवारी पहाटे तो निघाला. वाटभर मान मागं. कोणी येत तर नाही? कोणीच नव्हतं. शनिवारी दुपारी कुऱ्हाडींचे आवाज ऐकू आले अन् त्यानं बैलांना जोरात हाकललं.

झोपड्यांपुढं सहा पोती उघडी होती. ओळ तीच, क्रमही तोच. शेवटची जागा तेवढी रिकामी, जणू त्याच्यासाठीच राखलेली. मजूर एकेक घास चाखत पुढं सरकत होते.

"ये गा केवल, बस!" टिकाराम ओरडला. "आमी तं कालच आलो."

"तुले कोणी सांगतलं?"

"बायकोनं. म्हणे, कोणाले सांगू नोको."

"मलेही तसंच," छोटेलाल म्हणाला. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या.

केवलरामनं पोतं उतरवलंच नाही. बैलांना पाणी दाखवलं अन् बंडी वळवली. वाटभर डोळ्यांपुढं उदारामचा नांगर. त्याहून मोठा घोर अनुसयाचा. भोळी बाई! भट्टीवर कोणाजवळ तरी बोलून गेली असेल. आता तिला सांगायचं कसं? रडून रडून जीव काढेल.

इतवारी दुपारी तो बाजारात पोचला, तेव्हा मुरमुऱ्यांची ओळ ओस पडली होती. सहा जागा मोकळ्या. सातव्या जागेवर मात्र ही झुंबड! आज चाखायला दुसरं पोतंच नव्हतं.

गर्दीतून वाट काढत तो पुढं गेला. अनुसया पोत्याच्या तळाशी हात घालून शेवटचं माप भरत होती. पदर मुरमुऱ्यांच्या चुऱ्यानं पांढरा झालेला. शेजारी भट्टीवाली देवकाबाई टेकली होती.

अनुसयाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती देवकाबाईच्या कानाशी वाकली.

"तुमालेच सांगून राहिली बाई, कोणाले सांगजा नोको. पुढच्या इतवारी आमचे हे आपल्या इकडच्या प्रतापगडले जाऊन राहिले. तिथं मुरमुऱ्याचं एकही दुकान नाही."