तिचे पान

"तोतऱ्या, पुढच्याला दे पुस्तक!" बालविभागाच्या सतरंजीवर अडखळत वाचणाऱ्या लहानग्या सुमेधच्या हातून राजोपाध्ये सरांनी पुस्तक हिसकावले होते. तेव्हाचे मुलांचे हसू त्याच्या कानांत अजून विझले नव्हते.

आता वाचनालयात रविवारचे सामूहिक वाचन सुमेधच घेत असे. निवृत्त सर नातीला घेऊन आले, तेव्हा सूड आपल्या पायांनी दारात आला असे त्याला वाटले.

प्रत्येकाने एक पान वाचायचे, असे फिरणारे पुस्तक नातीकडे आले.

"ए-एका ज-जंगलात..."

मुले फिदीफिदी हसली. सरांचा चेहरा उतरला.

"राहू दे, बाळा. पुढच्याला दे."

"सर," सुमेध शांतपणे म्हणाला, "मध्ये बोलायचं नाही. पान तिचं आहे."

मुलेही चिडीचूप झाली. नात अडखळत वाचत राहिली आणि पान संपेपर्यंत सुमेधने सरांवरची नजर हलवली नाही.