घरचं फडकं

मुंगीने अभ्रा खणात ठेवला, खण लोटला आणि ठोकळ्यांपाशी जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही.

“बघितलंत?” वर्गशिक्षिका निरीक्षक बाईंच्या कानाशी लागल्या. “या सोमवारपासून हे असंच. त्याआधी सोडवायला जावं तर चावायची, मॅडम. हा बघा व्रण.”

निरीक्षक बाई मुलांच्या खुर्चीवर कशाबशा मावल्या होत्या. नव्याने शाळेत आलेली मुलं रुळली की नाही, हे ठरवायला त्या येत. सुरुवातीला प्रत्येक मुलाला घरून एक कापड आणायची मुभा होती. कुणी आईचा रुमाल आणी, कुणी आजीच्या गाऊनचा तुकडा. सगळे त्याला घरचं फडकं म्हणत. फडकं सुटलं की मूल रुळलं, असा तिथला ठोकताळा होता, आणि तो सहसा चुकत नसे. रुळलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत ठेवून घेत. बाकीच्यांना दुपारीच घरी न्यावं लागे.

मुंगीचं फडकं म्हणजे तिच्या आईच्या उशीचा अभ्रा. शाळा सुरू व्हायच्या जरा आधीच आई गेली होती.

“मला तर वाटलं होतं, ही वर्षभर काही सोडत नाही,” शिक्षिका म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांची टोपणनावं त्यांनीच ठेवली होती. खिडकीशी एक गोबरी मुलगी आईचा स्कार्फ तोंडात कोंबून रडत होती. “तो आमचा भोंगा. सकाळी वाजायला लागतो तो डबा उघडेपर्यंत. पण ही मुंगी! आता हूं नाही की चूं नाही.”

मुंगी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती. मनोरा पडला, की पुन्हा पहिल्यापासून. पडल्यावर तिचा चेहरा बदलत नव्हता.

दुपारी तिला न्यायला आत्या आली. धापा टाकत, ओल्या केसांनी. “झाली का हो परीक्षा? पास केलंत ना आमच्या बाईसाहेबांना?” ती हसत म्हणाली. मग आवाज खाली आणला. “नाही म्हणजे, माझी दोघं तिकडे सासूच्या गळ्यात मारून आलेय. दादाची ड्यूटी संध्याकाळी सुटते. तुम्ही हो म्हणालात तर मला रविवारी निघता येईल.”

“अभ्रा तिने आपणहून सोडला?” निरीक्षक बाईंनी विचारलं.

“अभ्रा कसला, पोतेरं झालं होतं त्याचं! दर शुक्रवारी फडकं धुवायला घरी येतं ना? दादा आपला तसाच परत पाठवत होता. बायकोच्या वस्तूला हात लावायचा धीर नाही त्याला. गेल्या शुक्रवारी मी आले आणि पहिलं काम ते केलं. गरम पाण्यात भिजवला आणि चांगला घासला.”

“मी कधीची सांगत होते त्यांना,” शिक्षिका म्हणाल्या.

“तिने दिला धुवायला?”

“जागेपणी देते होय! झोपल्यावर हळूच काढून घेतला.”

“आणि सकाळी?”

“सकाळी नाकाशी धरला. मग उलटा केला, आतून हुंगला. कोपरा न् कोपरा. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण नाही हो. घडी करून ठेवून दिला. शहाणी आहे माझी पोर.”

निरीक्षक बाई उठल्या. खणापाशी जाऊन त्यांनी अभ्रा उचलला. इस्त्री केलेला होता. त्याला साबणाचा वास येत होता, कुठल्याही घरात येतो तसा.

“घरी तिच्या आईचं आणखी काही आहे? न धुतलेलं?”

“छे! सगळं आवरून टाकलं मी. चादरी, उशा, स्वेटर. कपाट पुसून काढलं. दादाला बघवत नव्हतं.” आत्या थांबली. “का हो? माझं काही चुकलं का?”

आत्याच्या बोटांची सालं निघाली होती. निरीक्षक बाई त्या बोटांकडे पाहत राहिल्या. रुळली नाही म्हटलं, तर ही बाई इथेच अडकणार, तिकडची दोघं तिकडे. आणि तरी अभ्र्यातून गेलं ते परत येणार नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काही चुकलं नाही.”

“मग?”

“रुळली आहे. सोमवारपासून पूर्ण वेळ ठेवा.”

“बघ गं, पास झालीस!” आत्याने टाळी वाजवली. शिक्षिकाही हसल्या. मुंगीने मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि ठोकळे टोपलीत भरायला घेतले.

शुक्रवार होता. शाळेतल्या मावशी एकेकाचं फडकं पिशवीत घालून दप्तरांत ठेवत होत्या. भोंगा काही स्कार्फ सोडेना. “अगं, घरीच तर न्यायचंय,” मावशी समजावत होत्या. “आई छान धुऊन देईल.”

मुंगी टोपली टाकून उठली. चालत तिच्याजवळ गेली. स्कार्फाचं लोंबतं टोक उचलून तिने भोंग्याच्या मुठीत नीट खोचलं आणि तिच्या कानाशी वाकली. निरीक्षक बाई दारात चपला घालत होत्या. त्यांना ते ऐकू आलं.

“घरी नेऊ नकोस हं. घरी धुतात.”