पत्र्याचे तोडे

सारंगखेड्याच्या यात्रेत दुपारचा तमाशा रंगला होता. सोंगाड्या धुडकू नेहमीसारखा अफूबाजाच्या सोंगात होता. बायकोचे म्हणून पत्र्याचे तोडे द्यायचे, अफू म्हणून गुळाची गोळी घ्यायची, डुलून हसवायचं. अफूवाल्याच्या कामाला आज बाजारातला खरा अफूवालाच हौसेनं उभा होता. पडद्यामागे धुडकूची बायको तुळसा सामानाची पेटी सांभाळत होती. "बायकोना तोडा ले, पन आफू दे!" धुडकू ओरडला आणि तोडे फळीवर खणकले. तुळसा दचकली. पत्रा असा वाजत नाही. तिनं पेटी उघडली. पत्र्याचे तोडे आतच होते. रिठ्यानं घासून आणतो म्हणून सकाळी त्यानं तिचे चांदीचे नेले होते. तिनं धावत जाऊन अफूवाल्याचं मनगट धरलं. "त्या मन्हा तोडा शेतस!" लोक पोट धरून हसले. खरी गोळी जिभेखाली सारत धुडकू म्हणाला, "देखा, मन्ही बायको बी सोंग करस!"