पाहुण्यांचा फुटॉन

"हा पन उघडून दाखवा," चंदा म्हणाली, आणि निकेशने कपाळाला हात लावला.

दुकानातला एकही फुटॉन तिने सोडला नव्हता. दुकानदार प्रफुलभाऊ बिचारा पाठ खाली कर, पाठ वर कर, करून घामाघूम झाला होता. "दिवसा बसाचं, राती पसरवून झोपाचं. सांगाडा एक, गादी एक, तेच दुमडते," हे वाक्य त्याच्याकडून ऐकून ऐकून निकेशचे कान किटले होते.

"वहिनी, हा सागवानी पट्ट्यांचा. वर कापसाची जाड गादी, उन्हात टाकत राह्यलं का फुगते. कमरेले आराम. अन् तो लोखंडी पाइपचा. गादी पातळ आहे, फोमची."

"उंची?" चंदाने विचारलं. "गुडघा वाकत नसन तं खाली बसनं होत नाई. अन् उठताना धराले बाजूनं काही पाह्यजे."

झालं! आता गुडघे निघाले. निकेशचं डोकं फिरलं.

सावली गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आणि रात्रभराचं नाटक, तोंडावर आली होती. पाहुणे येतील, हॉलमध्ये झोपायची सोय करावी लागेल, एवढंच चंदा घरी म्हणाली होती. कोण पाहुणे, हे त्याने विचारलंही नव्हतं. त्यात विचारायचं काय? सासूबाई, अन्नपूर्णाबाई, दरसाल येत. मंडईचं नाटक पहाटेपर्यंत बघत, आणि मग आसपासच्या गावांची नाटकंही जावयाच्याच घरून उरकत. तोवर हॉल त्यांचा, टीव्ही त्यांचा, आणि निकेशने चहात साखर किती घ्यावी हेही त्याच ठरवत. रात्रभर मांडवात मांडी घालून बसणारी बाई, तिच्या गुडघ्यांची एवढी काळजी! यंदा त्या लवकर गेल्या पाहिजेत, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्या बाजूने कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. शेती सोडून त्याने सावलीत नोकरी धरली, तेव्हाच त्याच्या वडिलांनी, नानाजींनी, सांगून टाकलं होतं, "तुह्या घरी पाय ठेवनार नाई." म्हाताऱ्याने शब्द पाळला. निकेशनेही पुन्हा बोलावलं नाही. अजूनही बांधावर उभा राहून कुणावर तरी ओरडत असेल, झालं.

तो पाइपच्या फुटॉनवर सरळ आडवा झाला. बरोबर कमरेखाली पाइप टोचला. कूस बदलली, तर बरगडीला टोचला. कितीतरी दिवसांनी निकेशला मनापासून बरं वाटलं. यावर सासूबाई दोन रात्री काढतील आणि मुकाट्याने एसटी पकडतील.

"हाच घेऊ," तो उठून म्हणाला.

"भाऊ, तो बसाले ठीक आहे," प्रफुलभाऊ चाचरत म्हणाला. "पन झोपाले..."

"हाच."

चंदाने सागवानी फुटॉनवर हात ठेवला होता. तो तिने काढला नाही. "नीट पाहा. तुमच्याच पसंतीचा पाह्यजे मले. म्हनून तं तुमाले आनलं, नाई तं मी एकटी बी आली असती."

"माह्याच पसंतीचा आहे. झोपून पाह्यलं न आताच."

"कोन झोपनार याच्यावर, ते नाई विचारत?"

"मले मालूम नाई का? दरसाल तेच! आता चाल, भूक लागली मले."

चंदा काही तरी बोलणार होती. मग तिने पदर खोचला आणि प्रफुलभाऊला घराचा पत्ता सांगितला.

मंडईच्या दिवशी सकाळी दारात ऑटो थांबला. निकेश मुद्दामच मोरीत दाढी करत राहिला. चंदाची लगबग ऐकू आली, "हळू, हळू," आणि मग फुटॉन करकरला. बसल्या! दाढी कितीही लांबवली तरी कधीतरी बाहेर जाणं आलंच. त्याने तोंड पुसलं, चेहऱ्यावर जावयाचं हसू आणलं आणि हॉलमध्ये आला.

फुटॉनवर नानाजी बसले होते. एक पाय वाकत नव्हता, तो त्यांनी पुढे सरळ ठेवला होता. एका हाताने मांडीवरची काठी धरली होती. दुसऱ्या हाताने ते पातळ गादी हळूहळू चाचपत होते.

"मी येतच नव्हतो," ते खाली बघत म्हणाले. "पर चंदा म्हने, बाबा, तुमच्यासाठी त्यानं सोता दुकानात झोपून पाहून पसंत केला."